मंदाबाईचा कापसाचा बोळा

ये गो बाय, इकडं जवळ बस. माझी भाची असलीस म्हणून काय झालं, आल्या आल्या मंदाबाईला हसलीस ते मला आवडलं नाही. जिन्यात भेटली आणि "जेवलीस का" विचारायच्या ऐवजी "लघवीला जाऊन आलीस का" म्हणाली, एवढंच ना? ती सगळ्यांनाच विचारते. मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही विचारलं होतं, त्याच्या गळ्यात हार घालता घालता.

मंदाबाई आमची भाडेकरू, साताऱ्याकडची. इथं बोनकोड्यात आमच्या तळमजल्यावर एकटीच राहते. इस्पितळात फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या काचेच्या पेट्या असतात ना, तिथं कामाला आहे. लंगोटात कापसाचा बोळा ठेवायचा, तो भिजला की सिरिंजनं लघवी ओढून बाटलीत भरायची, हे तिचं काम. आळीतल्या बायका तिच्या हातचा तिळगूळ घ्यायला कचरायच्या. तर ही मुद्दाम पहिली उठायची वाटायला. "घ्या वैनी, हात साबणानं धुतलाय. तुमी जीभ कवा धुताय?"

मागे माझी सून पूजा सातवा लागतानाच बाळंत झाली, मंदाबाईच्याच इस्पितळात. नात ओंजळीत मावेल एवढी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा बाळांचं हृदय नि किडनी बिघडली तर उशिरा कळतं, आणि एवढ्याशा जिवातून रक्त तरी किती काढणार. लघवीत आधी काही खूण सापडते का, ते आम्ही शोधतोय. परवानगी द्या.

मी नाही म्हटलं. पाचवी पुजल्याशिवाय बाळाचं काहीच बाहेर द्यायचं नाही, ही आमची रीत. आणि पाचवी तर मीच पोर घरी येईपर्यंत पुढं ढकललेली.

"आवं मालकीणबाई, सटवाई थांबंल, किडनी थांबायची न्हाय," पेटीपाशी उभी मंदाबाई म्हणाली.

"माजी नात हाय. मी नाय देनार."

"सही आयची लागती. आजीची न्हाय."

पूजानं माझ्यासमोर सही केली. मी मंदाबाईशी बोलणं टाकलं. ती मात्र कामावरून आली की खालूनच ओरडायची, "मालकीणबाई, आज बोळा चिंब." अख्ख्या आळीला कळायचं. आणि अबोला धरलेली मी, तेवढं ऐकायला गॅलरीत उभी.

अडीच महिन्यांनी नात घरी आली. पेटीतून सुटलेली पोरं बघायला मंदाबाई कधी कुणाच्या घरी जात नाही. म्हणून मीच नातीला घेऊन खाली गेले. विचारलं, "हिच्या लघवीतून काय समजला गो?"

"आजून काय न्हाय. लई पोरांचं गोळा व्हायचं, मग समजंल. न्हाय बी समजायचं."

"मग माज्याशी एवढी भांडलीस कशाला?"

तिनं हात पदराला पुसले. कोरडेच होते.

"माजी पोर चारच दिस होती. अशीच, सातव्यातली. कशानं गेली, कुणालाच सांगता आलं न्हाय. पुढच्या कुणाला तरी सांगता यील. तवर कुणी आडवं येऊ दे, तुमी या न्हायतर सटवाई, मी सोडायची न्हाय."

मी नात तिच्या मांडीवर ठेवली. पेटीबाहेरचं पोर कसं धरायचं, ते तिच्या हातांना ठाऊकच नव्हतं. पेटीच्या भोकांतून घालावेत तसे दोन्ही हात ताठ, पुढं धरून बसली.

तू लवकर ये पुन्हा. रविवारी ये. तिला सुट्टी असते, आणि त्या दिवशी तिच्याकडं कुणीच येत नाही.