बिनस्क्रीनचा गाणारा डबा

"पाच वाजता ये, तुला आईचं गाणं ऐकवतो," असं टेलिफोनकाकांनी लेकीला छातीठोकपणे सांगून टाकलं. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात आवाज इकडून तिकडे पोचवण्यात गेलेला माणूस! घरातल्या घरात चार हात आवाज न्यायला असा कितीसा वेळ लागणार?

काकूंना जाऊन आठ महिने झाले होते. त्यांच्या गाण्याची एकच कॅसेट मागे राहिली होती. ती काकांनी दुकानातून संगणकासाठी उतरवून आणली, पण ऐकली नाही. एकट्यानं ऐकायचा धीर होत नव्हता.

जुन्या संगणकावर त्यांनी पुस्तकात बघून लिनक्स ही फुकटची संगणकप्रणाली चढवली. गाण्याला स्क्रीन कशाला, म्हणून तो भंगारात दिला आणि नुसता डबा स्पीकर जोडून कपाटात ठेवला. हुकूम लॅपटॉपवरून सोडायचे.

पाचला लेक आली. काकांनी हुकूम सोडला. लॅपटॉपवर सेकंद पळू लागले, स्पीकर मात्र ढिम्म. काकांनी आवाज जिथे जिथे वाढवता येतो तिथे तिथे पूर्ण वाढवला. वायर बदलली. स्पीकरवाल्याला फोन करून फैलावर घेतलं. शेवटी शेजाऱ्यांचा स्पीकर मागवला, तर त्यासोबत सल्ले द्यायला शेजारीही आले. तोही स्पीकर मुका!

लेकीनं लॅपटॉप ओढून घेतला आणि सेटिंग वाचली.

"बाबा, आवाज स्क्रीनच्या वायरीकडे जातोय."

"स्क्रीन तर भंगारात गेला."

"म्हणजे अर्धा तास आई गातेय, आणि आपल्यालाच ऐकू येत नाहीये."

काकांना फार वाईट वाटलं.

लेकीनं आवाजाची वाट बदलली आणि कॅसेट पहिल्यापासून लावली. वाढवलेला आवाज कमी करायचं कुणालाच सुचलं नाही. कपाटाच्या काचा थरथरल्या आणि घरभर रेडिओवरच्या बातम्या दणाणल्या. शेजाऱ्यांनी कानांवर हात ठेवले. बातम्यांच्या पार मागे कुणीतरी बारीक आवाजात गात होतं. मग ते गाणं थांबलं.

"अहो, तो रेडिओ जरा बारीक करता का? टेप करतेय मी."

"हो हो, दोनच मिनिटं. बातम्या संपू दे," हा आवाज काकांचा, पंचवीस वर्षांपूर्वीचा.

बातम्या काही संपल्या नाहीत. कॅसेट संपली. शेजारी आपला स्पीकर न घेताच निघून गेले.

"बाबा, रडू नका ना," लेक म्हणाली. तीही रडतच होती.

काकांनी कॅसेट पुन्हा लावली. काकूंचं ते वाक्य आलं तसे ते लगबगीनं उठले आणि त्यांनी स्पीकरचं बटण फिरवलं.

"केला गं बारीक," ते म्हणाले.

रेडिओ बारीक झाला खरा, पण त्याबरोबर काकूही ऐकू येईनाशा झाल्या. काकांनी मुकाट्यानं आवाज पुन्हा पूर्ण वाढवला आणि त्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या बातम्या पहिल्यापासून ऐकायला बसले.