घोडा छाप की मोर छाप?

अकोल्याकडच्या आमच्या मालेगावात माणसाची नाडी पाहणारे वैद्य दोन होते. पेट्रोलची नाडी पाहणारे आबाजी मात्र एकटेच.

दर बुधवारी सकाळी ते आपल्या ओट्यावर दोन पितळी वाट्या मांडत. एकीत घोडा छाप पेट्रोल, दुसरीत मोर छाप. आधी "बिड्या इझवा रे!" असा हुकूम सुटे. मग आबाजी करंगळी बुडवून एक थेंब तळहातावर घेत, त्यावर फुंकर मारत आणि डोळे मिटत. जमलेली वीस-पंचवीस माणसं श्वास रोखून त्यांच्या भुवयांकडे पाहत.

"घोडा आज उग्र हाये. पित्त करीन."

"अन् मोर?" रामजी शिंपी अधीर होऊन विचारी.

"मोर शीतळ. पन चढावर रडते."

ज्या मोटारीसाठी हे निदान चाले, ती बदली झालेल्या एका तहसीलदारानं जाता जाता आबाजींच्या गळ्यात बांधली होती. आबाजींचा भाजीपाल्याचा मळा होता. पण वांगी बाजाराला जात ती बैलगाडीनंच. कारण "मोटारीले वांग्याचा वास लागते."

घोडा छापचे लाल डबे गावातच मिळत. मोर छापचे हिरवे डबे शेलूबाजारला. ते आणायला मोटार शेलूबाजारला जाई आणि परत येईपर्यंत आणलेल्यातलं निम्मं स्वतःच पिऊन टाके. हे मी एकदा लक्षात आणून दिलं, तर आबाजी म्हणाले, "मंग? सोयरीक पाहाले जातानी भाकरी नाही बांधून नेत काय?"

त्यात पुन्हा प्रत्येक छापाच्या दोन प्रती: साधं आणि 'खास'. खास म्हणजे काय, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नसे. रंग गुलाबी, एवढंच. आबाजी ते फक्त दसऱ्याला टाकत. "तिले बी सण पाह्यजे!"

पत्रकं वाचून वाढलेल्या माझ्यासारख्याला हे पाहवत नव्हतं. देश पेटलेला, गावोगाव परदेशी कापडाच्या होळ्या, आणि इथे मिशा फुटलेले पंचवीस पुरुष साहेबाचं तेल हुंगत बसलेले! गावात घोडापक्ष आणि मोरपक्ष असे दोन तट पडले होते. रामजी शिंपी कट्टर मोरवाला. तो जन्मात कधी मोटारीत बसला नव्हता. एवढी निष्ठा स्वराज्याला लाभती, तर साहेब केव्हाच बोटीत बसला असता. त्याच बुधवारी, त्याच वेळी शाळेजवळ माझी सभा असे. तिला, मला धरून, पाच जण येत.

"आबाजी, दोन्ही तेलं परदेशी! यात निवडायचं काय?" मी एकदा भर ओट्यावर गरजलो.

ते रागावले नाहीत. पुढच्या बुधवारी त्यांनी नरसाळ्याला खादीचा तुकडा बांधला आणि त्यातून पेट्रोल गाळलं. "घे बापू, पाप खादीले चिकटलं. खाली उतरलं ते शुद्ध."

खादीच्या तुसानं मोटारीचा घसा बसला. ती शेलूबाजारच्या वाटेवर अडली, तेव्हा बैल जुंपून ओढत आणावी लागली. आबाजी पुढच्या सीटवर ताठ बसले होते. मला पाहून ओरडले, "पाह्य, तुह्या खादीनं मोटार स्वदेशी केली! आता बैलावर चालून राह्यली!"

हसण्यावारी नेलेलं तत्त्व मी विसरत नसतो. त्या महिन्यात काही कामानं अकोल्याला गेलो, तेव्हा तेलाचा डेपो गाठला. तिथे पेट्रोलची एकच टाकी होती आणि तिला एकच नळ. नळापुढे एका बाजूला लाल डबे, दुसऱ्या बाजूला हिरवे.

"भाऊ, यातलं घोड्याचं कोनतं न् मोराचं कोनतं?" मी नळावरच्या माणसाला विचारलं.

"डबा पाहून घ्या नं. डब्यावर काढलं राह्यते चित्र."

मी तिथूनच छापखान्यात गेलो. 'घोडा आणि मोर यांचा बाप एकच' या मथळ्याचं पत्रक मंगळवारी गावभर वाटलं. माणसं पोट धरून हसली. रामजी मात्र संतापला. "म्हंजे आमी दोन वर्सं एकाच नळासाठी भांडून राह्यलो!"

बुधवारी माझ्या सभेला बारा माणसं आली. सभा संपवून मी आबाजींच्या घरी गेलो. पराभूत अंधश्रद्धा कशी दिसते ते मला पाहायचं होतं.

ओटा झाडलेला होता. सतरंजी अंथरलेली होती. तिच्या एका टोकाला आबाजी एकटेच बसले होते, हातात माझं पत्रक.

"छपाई चांगली हाये," ते म्हणाले.

"मजकुरात चूक असन त दाखवा."

"चूक कायले राहीन? पयल्या महिन्यातच मले मालूम पडलं. त्याच नळापुढं मी बी उभा राह्यलो व्हतो."

"मंग हे सोंग काहून?"

त्यांनी सतरंजीची सुरकुती हातानं सारखी केली. "तुही काकू गेली, तवा तेरवीले या ओट्यावर मान्सं बसली. पत्रावळी उचलल्या अन् गेली. मंग दीड वर्स इथं कोनी टेकलं नाही. मळ्यातून याचं, कुलूप काढाचं. एक दिवस मोटारीत तेल ओतून राह्यलो व्हतो, त हा रामजी थांबला. म्हने, आबाजी, घोडा चांगला का मोर? मी म्हटलं, असं उभ्याउभ्या नाही सांगता येत. बुधवारी ये."

पत्रकात एक शब्दही खोटा नव्हता. मी तो मागे घेतला नाही, घेणारही नाही. पण त्या क्षणी मला त्यातला एकही शब्द धड आठवेना.

"तू त आला. बैस, चहा मांडतो," म्हणत ते आत गेले. स्टोव्हला पंप मारता मारता आतूनच विचारलं, "बापू, रॉकेलचं कसं हाये रे? त्यात काही फरक राह्यते, का तेही एकाच नळाचं?"

रॉकेलचा नळही मी अकोल्याला पाहिला होता. तोही एकच होता.

"नाही आबाजी," मी म्हणालो, "रॉकेलात लय फरक राह्यते. नीट पारखून घ्या लागते. पुढच्या बुधवारी मी रामजीले घेऊन येतो."

आत कपबश्या वाजल्या.

"दोघंच?" आबाजींनी विचारलं.