पत्त्यांचा धानोरा पुरवणी संच

कोणतंही नियमपुस्तक टिकतं, कारण ते कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. २००४ साली धानोऱ्यात नाहीदने एक नियमपुस्तक शेवटपर्यंत वाचलं, आणि पुढचं सगळं त्यातून घडलं.

नाहीदचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान एका कार्यालयासमोर होतं. (कोणत्या, ते सांगत नाही, ज्यांना काम पडलं त्यांना ठाऊक आहे.) नागपूरच्या मावसभावाने तिला राक्षसांच्या पत्त्यांचा परदेशी खेळ दिला होता. प्रत्येक राक्षसाची ताकद पत्त्यावर छापलेली; नवी पाकिटं घेऊन संच वाढवायचा. पाकिटं धानोऱ्यात मिळत नव्हती. ती खेळायची लालसूशी. जंगलातल्या गावाहून आलेला लालसू अकरा दिवस तिच्या बाकावर बसून होता. त्याला वनरक्षक भरतीसाठी जातीचा दाखला हवा होता, तीस तारखेच्या आत. अकरा दिवसांत दोघांना चाळीसही पत्ते पाठ झाले.

खेळाच्या नियमपुस्तकात अगदी शेवटी लिहिलं होतं की खेळाडूंना स्वतःचे पत्तेही बनवता येतात; तेव्हा नाहीदने स्वतःच पुरवणी संच काढायचं ठरवलं. नवे राक्षस सुचेनात, म्हणून तिने समोर पाहिलं.

‘आवक लिपिक’, ताकद चाळीस. ‘त्रुटी’ हा पत्ता पडला की आग ओकणाऱ्या अजगराने पहिल्यापासून सुरुवात करायची (दोन प्रतींत). ‘साहेब दौऱ्यावर’ पडला की डाव आहे तिथे थांबायचा. एक डाव असा चार दिवस थांबला. चाचणीसाठी एकसष्ट डाव झाले. राक्षसांनी जिंकलेले: शून्य. नाहीदने राक्षसांची ताकद दुप्पट केली. तरी शून्य.

सतराव्या दिवशी आवक लिपिक धनराजबाबू झेरॉक्सला आले आणि पत्ता बघून थबकले.

“हा मी आहो का?”

“नाई बाबू, ते पद आहे.”

“मंग पदाले चाळीसच काऊन? अजगराले ऐंशी देल्ली!”

ते तडक गेले आणि ताकदवाढीचा लेखी अर्ज, आवक क्रमांकासह, घेऊन आले. नाहीदने चारशे करून दिली. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाबूंनी चारशे एक मागितली. शिपाई नथ्थूने फक्त दार अडवण्याची शक्ती मागितली, आणि ती सर्वांत घातक निघाली. आठवडाभरात अख्खं कार्यालय अकरा ते पाच दुकानात खेळू लागलं. (कामावर परिणाम झाल्याची एकही तक्रार आली नाही. तक्रारी घेणारेही खेळत होते.)

अठ्ठावीस तारीख उजाडली. लालसूचा डबा दोन दिवस तसाच परत जात होता.

“बाई, बाबूले हरवन असा पत्ता बनवून दे ना मले.”

“कोणता?”

“सारे कागद बराबर असलेला मानूस.”

नाहीदने चालू मशीन बंद केली. “लालसूभाऊ, अजगर लोकाले पटते. हे कोन खरं मानन?”

तरी तिने बाबूंचे सगळे पत्ते बाद करणारा तो पत्ता बनवला. एकच. चेहरा लालसूचा काढला, आणि पत्ता लॅमिनेट केला.

डाव दाखल्यावर लागला. धनराजबाबूंनी ‘त्रुटी’ टाकली, ‘साहेब दौऱ्यावर’ टाकला, ‘शिक्का सापडत नाही’ टाकला. लालसूने आपला पत्ता ठेवला. बाबूंनी तो उजेडात धरला, उलटा केला, नियम दोनदा वाचले. अपवाद कुठेच नव्हता. नाहीद लिहायची विसरली होती.

“नियम म्हंजे नियम,” ते पडेल आवाजात म्हणाले आणि नऊ मिनिटांत दाखला घेऊन आले. (तो अर्जाच्या दुसऱ्या दिवसापासून टेबलाच्या खणात तयार होता.) लालसू संध्याकाळपर्यंत बाकावर बसून स्वतःचं नाव वाचत राहिला. तो आज वनरक्षक आहे.

कार्यालयाने धडा घेतला. पुढच्या महिन्यापासून अर्जासोबत पुरवणी संच जोडणं सक्तीचं झालं. लोक चिडतील अशी नाहीदला भीती होती. रांगेतल्या प्रत्येकाने एकच विचारलं: “झेरॉक्स चालन का ओरिजिनलच पायजे?”

आता प्रत्येक पाकिटात एक पत्ता फुकट मिळतो. तो सर्वांत जास्त छापला जातो. नाव ‘अर्जदार’, ताकद शून्य, चेहऱ्याच्या जागी कोरी चौकट. वाचकांनी आपला फोटो तयार ठेवावा. पासपोर्ट साइज, दोन्ही कान दिसतील असा. हसू नये.