सदाशिवरावांनी न प्यायलेली दारू

सावरटेकडीच्या जिल्हा परिषद शाळेला समुपदेशन कक्षासाठी सरकारी अनुदान आलं, आणि मग लक्षात आलं की शाळेत एकही दुःखी मूल नाही. चौथीपर्यंतची शाळा, त्रेचाळीस पोरं, सगळी ठणठणीत. खिचडीच्या तांदळाची खोली रिकामी करून तिथे निळे पडदे लावले, सतरंजी टाकली, दोन छोट्या खुर्च्या मांडल्या आणि दारावर 'मनमोकळी खोली' अशी पाटी रंगवली. तांदळाची पोती मुख्याध्यापक घनश्याम सरांच्या टेबलाखाली गेली. सर तेव्हापासून खुर्चीत आडवे बसू लागले.

"मॅडम, तीन महिन्यांत वीस मुलांच्या समस्या ऑनलाइन भरायच्या हायेत. नाई भरल्या तर अनुदान वापस," सर म्हणाले.

"सर, मुलं येतात, पडद्याला हात लावून बघतात आणि जातात," प्रेरणा मॅडम म्हणाल्या. मॅडम सांगलीकडच्या. गावाला त्या दोन वर्षं वाट बघून मिळालेल्या. यवतमाळला दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या आणि तिथलं सगळं मनापासून पाळत होत्या: मुलाचं म्हणणं खरं मानायचं, उलट प्रश्न विचारायचा नाही, त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं.

अनुदानाच्या कागदात 'खेळीमेळीच्या वातावरणासाठी अल्पोपाहार' असंही एक कलम होतं. सरांनी बिस्किटांचा खोका आणला. दुसरीतला पिंटू खरं तर लघवीला जाऊ का, हे विचारायला आला होता. पण मॅडमनी इतक्या मायेनं "काय होतंय बाळा?" असं विचारलं, की त्याला रडूच आलं. मॅडमनी त्याला बिस्कीट दिलं. अर्ध्या तासात खोलीबाहेर अकरा दुःखी मुलं रांगेत उभी होती.

चौथीतल्या निकितानं दोन दिवस नुसतं निरीक्षण केलं. लहान दुःखाला एक बिस्कीट मिळतं आणि मोठ्या दुःखाला क्रीमचा अख्खा पुडा, हे तिच्या ध्यानात आलं. मग मधल्या सुट्टीत ती कडुनिंबाखाली बसून दुःखं वाटू लागली. अर्धा पुडा तिचा.

"मले काय हाय?" तिसरीतल्या अब्रारनं विचारलं.

"तुहे अब्बा दोन वर्सापासून तुह्याशी बोलत नाईत."

"बोलतेत ना. लय बोलतेत."

"तुले बोलनं पायजे का पुडा पायजे?"

अब्रारला पुडा पाहिजे होता. पिंटूच्या घरात भूत शिरलं आणि ते त्याच्या आजीच्या आवाजात बोलू लागलं. शाळेची खिचडी शिजवणाऱ्या रुखमाबाईंचा नातू घरी उपाशी राहू लागला. सगळ्यात मोठं दुःख निकितानं बबितासाठी राखून ठेवलं होतं. "बाप दारू पिते म्हनून सांग. दोन पुडे भेटतेत," ती म्हणाली.

बबितानं मान खाली घातली. तिचा बाप बाबाराव खरोखरच प्यायचा. "ते नको. मले डास चावतेत," ती म्हणाली आणि एका बिस्किटावर समाधान मानून वर्गात गेली. एवढं चांगलं दुःख वाया कशाला घालवायचं, म्हणून निकितानं ते स्वतःला घेतलं. तिला बाप नव्हता, म्हणून दारू आजोबांना पाजली.

महिनाभरात एकेचाळीस नोंदी झाल्या. घनश्याम सर उद्दिष्ट दुप्पट झालं म्हणून खुशीत होते, तेवढ्यात जिल्ह्याहून फोन आला. फोन ठेवल्यावर सर पहिल्यांदाच खुर्चीत सरळ बसले. गुडघे तांदळावर आपटले ते त्यांना कळलंही नाही.

"मॅडम, आपली शाळा जिल्ह्यात सर्वांत दुःखी निघाली! गुरुवारी समिती येऊन राह्यली. पालकांले भेटनार म्हन्ते. पाहू ते रजिस्टर!"

त्याच संध्याकाळी पालकांची सभा बसली. अध्यक्ष म्हणून सदाशिवराव मधोमध होते. हे निकिताचे आजोबा. आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नव्हते. वरातीत कुणी थंड पेयाची बाटली पुढे केली, तर तीही आधी हुंगून बघत. गावातलं दारूचं दुकान त्यांनीच बायकांचा मोर्चा काढून बंद पाडलं होतं.

सरांनी रजिस्टर वाचायला घेतलं. अब्रारचं दुःख ऐकून त्याचे वडील, गॅरेजवाले सरदारभाई, उठून उभे राहिले. "मी बोलत नाई? अल्ला कसम सर, गिऱ्हाईक गाडी सोडून पळते माह्या बोलन्यापायी!" रुखमाबाईंनी कपाळावर हात मारला. सरांनी पान उलटलं आणि त्यांचा आवाज बारीक झाला.

"निकिता, इयत्ता चौथी. माझे आजोबा रोज दारू पितात आणि आजीला मारतात."

सगळ्या माना सदाशिवरावांकडे वळल्या. मग सदाशिवरावांच्या बायकोला, मैनाबाईंना, असं हसू फुटलं की त्यांना पदर तोंडात धरावा लागला. "हे? मले मारतेत? कवा? मी तवा घरी नोती का वो?"

हा माणूस मैनाबाईंशी बोलायच्या आधी घसा खाकरून परवानगी घ्यायचा, हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. निकिता दाराआड होती. तिनं सगळं कबूल केलं आणि वर म्हणाली, "आबा, क्रीमचे दोन पुडे होते."

प्रेरणा मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "चूक माझी आहे. मी समितीला खरं सांगते."

"अन मंग?" सर म्हणाले. "खोट्या नोंदी केल्या म्हनून तुमची चौकशी लागते. तुमाले इथून उचलतेत. अन नोंदी खऱ्या म्हटल्या, तर ह्या सगळ्या पालकांले ठान्यात बोलावतेत."

 तोडगा काढला सरदारभाईंनी. "सिधी बात हाय. होतं म्हनाचं, पन आता नाई. मॅडमनं समजावलं अन आपुन सुधरलो. मॅडम बी वाचते, आपुन बी वाचतो."

"मी नाई म्हननार," सदाशिवराव कडाडले. "साठ वर्सं तोंडाले लावली नाई. आता भर गावात पेताडा म्हनवून घेऊ?"

मैनाबाईंचं हसू थांबलं. "दोन वर्सं सर एकटे कागदं भरत बसत, शिकवाले मास्तर नोता, आठवते का? तुमची नात दुसरीत गेली तरी तिले 'क' येत नोता. आता लाइटचं बिल वाचून दाखवते तुमाले. हे बाई गेली तर कोन येनार हाय इथं? एका दिसाची तर गोष्ट हाये."

सदाशिवरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "एकच दिस," ते म्हणाले.

गुरुवारी समिती आली. अध्यक्षबाई जाड भिंगांच्या चष्म्यातून प्रत्येक पालकाकडे करुणेनं बघत होत्या. पहिले सरदारभाई. आपण आता बोलू लागलो आहोत हे त्यांनी चाळीस मिनिटं सिद्ध केलं. समितीतल्या एका साहेबांच्या गाडीचा क्लच बदलायला हवा, हेही त्यांनी त्यातच सांगितलं. बाईंनी घाईघाईनं 'परिणाम अत्यंत प्रभावी' असा शेरा लिहून त्यांना बसवलं.

मग सदाशिवराव उठले.

"किती प्यायचात?" बाईंनी हळुवारपणे विचारलं.

दारू किती पितात हे सदाशिवरावांना कुठे माहीत? त्यांना मापं ठाऊक होती ती दुधाची. "सकाळी एक लिटर, संध्याकाळी एक लिटर," ते म्हणाले.

बाईंच्या हातातला पेन थांबला. "दोन लिटर? आणि जगलात कसे?"

"त्यात भाकर कुस्करून खात होतो ना."

मैनाबाईंनी लगेच डोळ्यांना पदर लावला. चाळीस वर्षांत नवऱ्याबद्दल एवढं ऐकून घेणारं कुणी भेटलं नव्हतं, तेव्हा त्यांनी मोकळ्या मनानं सांगितलं. दारू खोटी होती, पण भर लग्नात रुसून बसलेले, साखर आणायला जाऊन म्हशीचा सौदा करून आलेले सदाशिवराव अगदी खरे होते. "मारायचे का हो?" बाईंनी विचारलं.

"मारत होते. मंग मी बी मारत होती," मैनाबाई म्हणाल्या आणि सदाशिवरावांनी पुराव्यादाखल मान हलवली.

समिती गहिवरून गेली. जाताना एका साहेबांनी हात जोडून उभ्या असलेल्या सदाशिवरावांचा फोटो काढला. मॅडमना प्रशस्तिपत्रक मिळालं, त्यांची जागा पक्की झाली आणि गावानं सुटकेचा श्वास सोडला. तो आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी सदाशिवराव सोयाबीन घेऊन महागावच्या बाजारात गेले, तर फाटकावर त्यांचाच हात जोडलेला, बैलगाडीएवढा फोटो. खाली लिहिलं होतं: 'नातीच्या एका वाक्यानं मी दारू सोडली!' अडत्यानं त्यांच्या गळ्यात हार घातला. ढाणकीच्या व्याह्यांनी फोन करून "आमाले इतके दिस कळू बी नाई देलं!" म्हणून हंबरडा फोडला. बसस्टँडवर चार झिंगलेल्या माणसांनी त्यांचे पाय धरले. "काका, तुमी आमाले सोडून गेले," म्हणून ते रडले.

सदाशिवराव घरी आले ते तोंड लपवून. फोटो उतरवायला सांगायचं, तर मॅडमचं बिंग फुटणार. ओसरीत बसून ते कुणाला शिव्या द्याव्यात याचा विचार करत होते, तेवढ्यात बाबाराव आला. बबिताचा बाप. आज तो प्यायलेला नव्हता.

"काका, तुमचा फोटो पाह्यला," तो म्हणाला. "तुमी दोन लिटर प्यायचे. मी तर दोन क्वार्टरच्या वर जात नाई. तुमची सुटली त माही काहून नाई सुटनार? पोरगी घरात माह्याशी बोलत नाई काका. कशी सोडली, तेवढं सांगा. तुमी सांगान तसं करतो."

सदाशिवरावांनी तोंड उघडलं. खरं जिभेवर आलं होतं. पण बाबाराव इतक्या आशेनं बघत होता, की त्यांनी ते गिळलं. त्यांच्या घशात आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जळजळलं.

"उद्या सांगतो. पन आज पेऊ नोको," ते म्हणाले.

"नाई पेत," बाबाराव म्हणाला आणि पायरीवरच बसून राहिला. मैनाबाईंनी त्याच्यापुढे भाकरीचं ताट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शाळा भरताच प्रेरणा मॅडमनी निळा पडदा सारला, तर रांगेत सगळ्यात पुढे सदाशिवराव. ते आत आले आणि टोपी मांडीवर ठेवून त्या छोट्या खुर्चीत कसेबसे मावले. मॅडमनी सवयीनं रजिस्टर उघडलं, क्रीमचा पुडा त्यांच्यापुढे सरकवला आणि मायेनं विचारलं, "काय झालं आबा?"

सदाशिवरावांनी पडद्याकडे बघून आवाज खाली आणला.

"मॅडम, मी दारू सोडली कशी, तेवढं मले सांगा."