टिकलीचा कप

शरदचंद्र मुळे यांना समाजाचा मनापासून राग होता. समाज जातपात सोडत नाही, समाज कष्टाला मान देत नाही. या समाजात आपणही मोडतो, अशी शंका बँकेतून रिटायर होईपर्यंत त्यांना शिवली नव्हती, आणि नंतर तर मुळीच नाही. शनिवारच्या समता मंडळाच्या सभेत मुख्य भाषण आपलंच व्हावं म्हणून ते दोन वर्षं झुरत होते. मंडळाच्या अरुंधतीताई ते पक्कं करायला पाच वाजता त्यांच्या स्नेहलतागंजातल्या घरी येणार होत्या.

साडेचारला त्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीत सखुबाईंचा कप दिसला. सखुबाई घरची धुणीभांडी करत. कप घरातल्या सेटचाच, पण ओळखू यावा म्हणून बुडाला मरून रंगाची टिकली चिकटवलेली आणि मुक्काम कायम खिडकीत.

"मंजिरी, हे काय? ताईंनी बघितलं तर?"

"मला काय विचारता? तुमच्या आईंनी चालू केलंय."

"आईला जाऊन सहा वर्षं झाली!"

"मी बंद केलं असतं तर तुमच्या बहिणी बोलल्या असत्या. मी कशाला बुरी होऊ?"

सून शिवांगी म्हणाली, "पापा, मी तर आले तेव्हापासून असंच बघतेय. मला वाटलं, तुमचा रूल आहे."

"माझा? मी हे मानतच नाही!" शरदचंद्र कडाडले. "सगळा दोष समाजाचा आहे." एवढं बोलून त्यांनी तो कप सिंकमधल्या इतर कपांत टाकला. आयुष्यात स्वतःच्या हातांनी केलेली एवढीच समाजसुधारणा. थोड्या वेळाने सखुबाई आल्या, त्यांनी सगळे कप घासून पालथे घातले आणि त्या जिना पुसायला गेल्या.

ताई आल्या. चहा ओतताना शिवांगीने सहाही कप उलटे करून पाहिले. टिकली कुठेच नव्हती.

"मम्मी, तो कोणता?" ती कुजबुजली.

"अरे देवा! निघून गेली वाटतं. आता ओत कशातही, ताई थांबल्यात."

चार कप बाहेर आले. ताईंनी एक उचलला. सखुबाईंचा कप नेमका त्यांच्याच वाट्याला गेला असू दे, असं तिघांनीही देवाला मनोमन विनवलं. पाहुण्यांची त्या घरात इतकी काळजी याआधी कोणी केली नव्हती.

"घ्या ना तुम्हीपण," ताई म्हणाल्या.

"मला ॲसिडिटी आहे," शरदचंद्र म्हणाले.

"माझी चतुर्थी आहे," मंजिरीबाई म्हणाल्या.

"चतुर्थीला चहा चालतो की!"

"आमच्यात नाही चालत."

"मी ग्रीन टीच पिते, आंटी," शिवांगीने वेळ मारून नेली.

तीन कपांवर साय धरू लागली. ताईंना गंमत कळेना. तेवढ्यात सखुबाई बादली घेऊन दारात आल्या. "या बाई, बसा," ताई म्हणाल्या, "एवढा चहा वाया चाललाय."

मंजिरीबाई काही बोलायच्या आत सखुबाईंनी एक कप उचलला आणि सवयीने खालून पाहिला. "याला टिकली लावायची राहिली वाटतं."

"कसली टिकली?" ताईंनी विचारलं.

"माझ्या कपाची निशाणी हो. पण ती कुठली टिकते, ताई! घासताना रोज निघते. मग कप सुकले की मी नवी काढते नि जो कप हाती येईल त्याला लावून देते. चार साल झाले."

शरदचंद्रांनी मनातल्या मनात चार वर्षांचे चहा मोजले.

"मग सांगितलं का नाहीस?" ते ओरडले.

"कोणी पूछलं कुठे?"

ताई हसल्या, पण डोळे हसत नव्हते. "शरदचंद्रजी, शनिवारचं भाषण सखुबाई करतील."

"मी बोलेन की," सखुबाई म्हणाल्या, "पण त्या टायमाला इथली भांडी असतात."

"ती हे घासतील. यांना समाज बदलायचाच आहे."

"घासतील की!" मंजिरीबाई इतक्या झटक्यात म्हणाल्या की शिवांगीला हसू आवरेना.

शरदचंद्रांनी दोष द्यायला आजूबाजूला पाहिलं. समाजाने नेमकी आजच पाठ फिरवली होती. मग त्यांनी समोरचा गारढोण चहा घटाघटा पिऊन टाकला आणि रिकामा कप टेबलावर ठेवायला घेतला.

"साब, तिथे नको," सखुबाई म्हणाल्या, "धुऊनच ठेवा. शनिवारपर्यंत हात बसेल."