गरिबीतून बाहेर पडल्याची नोंद

कोल्टर काउंटीच्या साहाय्य कचेरीच्या दारावर त्या शुक्रवारी एक कागद चिकटवलेला होता. ‘गरिबी समजून घेण्याच्या उपक्रमानिमित्त कचेरीतील सर्व कर्मचारी आज सकाळी दहा ते बारा या वेळेत गरीब राहतील. स्थळ : चर्चचा हॉल. गरजूंनी सोमवारी यावे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

डोरीन हॅटमेकरने तो दोनदा वाचला. सोमवारी येऊन काही उपयोग नव्हता. हिवाळ्यात घर तापवायच्या गॅसच्या मदतीसाठी अर्ज द्यायची मुदत आज संपत होती, आणि अर्जाच्या तळाशी डेल प्रूइट या अधिकाऱ्यांची सही लागत होती. तिच्या घराबाहेरच्या गॅसच्या टाकीचा काटा पाच टक्क्यांवर आला होता. गॅसची कंपनी शंभर गॅलनच्या खाली गाडी पाठवत नसे, आणि शंभर गॅलनचे पैसे डोरीनच्या हाती एका वेळी कधी पडत नसत. तिचा नवरा व्हर्जिल छत्तीस वर्षं कोळशाच्या खाणीत होता. खाणीने त्याला पेन्शन हात आखडून दिली, धूळ मात्र सढळ हाताने दिली. आता गारठा वाढला की त्याला अंथरुणात आडवं होता येत नसे, बसून रात्र काढावी लागे. घर उबदार ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. डॉक्टरांचं सांगायला काय जातं?

डोरीन चर्चच्या हॉलवर गेली.

दारातच मिसेस ब्लँच टॅकेट उभ्या होत्या. त्यांच्या नवऱ्याची मोटारींची तीन दुकानं होती, त्यामुळे गरिबी समजून घ्यायला त्यांच्याकडे भरपूर वेळ होता आणि या उपक्रमाच्या समितीचं अध्यक्षपद ओघानेच आलं होतं.

“उशीर केलास गं,” त्या म्हणाल्या. “पहिला आठवडा निम्मा झाला. कोट काढ.”

“बाई, मी फक्त प्रूइटसाहेबांच्या सहीसाठी आलेय.”

“सह्या सगळ्या शेवटी. आणि इतका छान कोट घालून कुणी गरीब होतं का? काढ तो.”

तो कोट डोरीनने चार वर्षांपूर्वी याच हॉलमधल्या जुन्या कपड्यांच्या विक्रीत घेतला होता. त्याच्या अस्तराला ‘ब्लँच टॅकेट’ अशी पट्टी अजून शिवलेली होती. पण हे सांगत बसण्याची ती वेळ नव्हती. कोट टेबलामागे टांगला गेला आणि डोरीनच्या गळ्यात एक पाटी आली : ‘टीना, वय चोवीस, दोन मुलं, नवरा पळालेला.’ डोरीन एकसष्ट वर्षांची होती.

सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं सोंग आणता येत नाही, असं म्हणतात. पैसा नसल्याचं सोंग मात्र कोल्टर काउंटीत फार सुरेख आणत. वर्गणी डोई पन्नास डॉलर. पंधरा मिनिटांचा एक आठवडा, असे चार आठवडे, म्हणजे एका तासात महिन्याची गरिबी पुरी. आठवडा संपला की शिट्टी वाजे. भिंतीकडेने टेबलं मांडली होती. एक शाळा, एक किराणा दुकान, एक गहाणवटीचं दुकान, एक साहाय्य कचेरी, एक तुरुंग. मधल्या खुर्च्यांवर गावातले वकील, दंतवैद्य आणि मोठे दुकानदार कुटुंबं करून बसले होते आणि मन लावून हवालदिल झाले होते.

“मम्मी, मला भूक लागलीय,” हॉइट कोम्ब्स म्हणाले.

हॉइट हे गावातल्या बँकेचे व्यवस्थापक, वय बासष्ट. आज ते ‘ब्रिटनी, वय सहा’ होते. गेल्याच वर्षी त्यांनी डोरीनचा कर्जाचा अर्ज परत पाठवला होता. पण पोटच्या पोरीचं कोण मनात धरतं? डोरीनने त्यांना किराण्याच्या टेबलावरून कागदाचा पाव आणून दिला.

“मम्मी, आपल्याकडे फ्रीज आहे का गं?”

“आहे.”

“टीव्ही?”

“असेल.”

“मग आपण कसल्या गरीब?” हॉइट खुर्चीत सावरून बसले. बोलण्यातलं सहा वर्षांचं वय एकदम गळून पडलं. “माझ्या आजोबांकडे फ्रीज नव्हता. ते खरे गरीब. आजकालच्या गरिबांकडे फोन असतो, मोटार असते—”

“ब्रिटनी,” डोरीन म्हणाली, “मोठ्यांमध्ये बोलू नये.”

हॉइटनी मान डोलावून कागदाचा पाव उचलला. सोंगाचे नियम ते काटेकोर पाळत.

इतक्यात डोरीनला प्रूइटसाहेब दिसले. ते साहाय्य कचेरीच्या टेबलापुढच्या रांगेत उभे होते. वास्तविक त्या टेबलामागे त्यांनी बसायचं. पण तालमीत त्यांचं काम कृत्रिम वाटलं, म्हणून ती जागा दंतवैद्यांच्या बायकोला दिली होती आणि प्रूइटसाहेबांना ‘अर्ल, वय सत्तर, बेघर होण्याच्या मार्गावर’ केलं होतं. डोरीन अर्ज घेऊन त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

“साहेब, एवढी सही देता? आज शेवटची तारीख आहे.”

“अहो बाई, मी सात मिनिटं इथे ताटकळतोय,” प्रूइटसाहेब घामाघूम होऊन म्हणाले. “आमची कुणी दखल घेतंय का? माणसं आहोत की कोण आहोत आम्ही?”

“एक सही फक्त. तुम्ही अधिकारी आहात.”

“मी अर्ल आहे. अर्लला सहीचा अधिकार नाही. आणि शेवटच्या तारखेचं मला काय सांगता? पुढच्या आठवड्यात मला घराबाहेर काढणार आहेत. माझ्याकडे अजून साडेसहा मिनिटं आहेत.” त्यांचे डोळे खरंच पाणावले होते. तेवीस वर्षं नोकरी करून रांग ही चीज त्यांनी पहिल्यांदाच या बाजूने पाहिली होती.

डोरीनचा नंबर आला. दंतवैद्यांच्या बायकोने टीनाची पाटी वाचली. “दोन लेकरं आणि नवरा पळालेला. अगं बाई. कागदपत्रं राहू देत, दिली मदत.” तिने शिक्का मारला. टीनाचा हिवाळा एका मिनिटात मार्गी लागला. डोरीनने आपला खरा अर्जही पुढे सरकवून पाहिला. त्या बाईंनी तो उलटसुलट पाहिला. “आठ पानी?” त्या म्हणाल्या. “इतकं अवघड करू नका हो, खेळ आहे हा.” आणि अर्ज परत दिला.

चौथी शिट्टी वाजली तेव्हा हॉलमधले बहुतेक लोक उद्ध्वस्त झाले होते. वकील तुरुंगात होते, औषधांचे दुकानदार पुलाखाली, आणि अर्ल भिंतीशी बसून होता. फक्त टीनाच्या घरचं भाडं भरलेलं होतं, मुलं जेवलेली होती, आणि बसचा एक पास तिने शेजारणीला उसना देऊन वर दोन पाव मिळवले होते.

मोठ्या विद्यापीठातून या दिवसासाठी मुद्दाम आणलेले प्राध्यापक लीश हातात खुणा करायचा तक्ता घेऊन तिच्याजवळ आले.

“तुमचं काम मला पटलं नाही,” ते हळुवारपणे म्हणाले. “सर्वसाधारण सहभागी तिसऱ्या आठवड्यात बेघर होतो. तुम्ही तर हसतही होतात. गरीब माणूस असा वागत नाही.”

“टीनाला माझ्यापेक्षा जास्त मिळतं ना,” डोरीन म्हणाली. “म्हणून भागलं.”

प्राध्यापकांनी ‘अवास्तव’ या रकान्यात खूण केली.

मग सर्वांना गरिबाचं जेवण वाढण्यात आलं. उकडलेल्या शेंगदाण्यांच्या रंगाचा घेवडा आणि मक्याचा पाव. डोरीनच्या घरी रोजचंच होतं ते. टेबलाभोवतीचे लोक मात्र एकेक घास तोंडात घोळवत होते, आणि जेवता जेवता गरीब कोणाला म्हणावं यावर चर्चा रंगली.

प्राध्यापक म्हणाले, गरिबीची एक रेषा असते. साठ वर्षांपूर्वी किराण्याच्या खर्चाला तीनने गुणून ती आखली आणि तेव्हापासून महागाईबरोबर सरकवत आणली. त्या रेषेच्या खाली तो गरीब, वर तो नव्हे. हॉइट म्हणाले, रेषाबिषा काही नाही, स्वयंपाकघरात जाऊन बघावं आणि फ्रीज दिसला की परत यावं. मिसेस टॅकेट म्हणाल्या, “मी सांगते तुम्हाला. आम्ही लहानपणी गरीब होतो, पण आम्हाला ते ठाऊकच नव्हतं.”

यावर सगळं टेबल हळवं झालं. औषधांचे दुकानदार म्हणाले, आम्हालाही ठाऊक नव्हतं. वकील म्हणाले, आमच्या घरी तर कुणालाच पत्ता नव्हता. हॉइट म्हणाले, माझ्या आजोबांना मरेपर्यंत कळलं नाही.

“म्हणजे बघा,” प्रूइटसाहेब विचारात पडून म्हणाले, “खऱ्या गरिबाला ते कळत नाही. हे आमच्या अर्जात यायला हवं.” त्यांनी डोरीनकडे पाहिलं. “तुम्हाला कळतं का हो?”

“दर महिन्याच्या वीस तारखेला कळतं, साहेब.”

टेबलावर जरा अवघडल्यासारखं झालं. असं आपल्या तोंडाने सांगणं कुणालाच आवडलं नाही.

डोरीनने उरलेले चार पाव रुमालात बांधले आणि ती कोट घ्यायला दाराशी गेली. टेबलामागच्या बाईंनी कोटाची पट्टी वाचली आणि तो मागे ओढला.

“हा मिसेस टॅकेटांचा आहे.”

“होता. आता माझा आहे.”

“तुमचं नाव तर वहीत कुठेच नाही. तुम्ही आत आलातच नाहीत.”

“आले नाही तर इथे उभी कशी आहे मी?”

“मग बाहेर पडल्याची सही करा आधी. ती प्रत्येकाला करावीच लागते. पूर्ण नाव, पत्ता, वेळ.”

बाहेर गोठवणारा वारा होता, आणि बसथांबा मैलभर लांब. वहीच्या डोक्यावर छापलेलं होतं : ‘मी आज स्वखुशीने गरिबीतून बाहेर पडत आहे.’ त्याखाली सत्तेचाळीस सह्या झालेल्या होत्या. डोरीनने अठ्ठेचाळिसावी केली. वेळ, बारा वाजून दहा मिनिटं. कोट मिळाला, आणि सोबत एक जाड प्रमाणपत्रही : ‘यांनी एक महिना गरिबीत यशस्वीरीत्या काढला.’ खाली प्रूइटसाहेबांची सही. सही आज मिळायची होती ती मिळाली, फक्त कागद चुकला.

प्रूइटसाहेब तोवर पाटी उतरवून, टाय बांधून परत अधिकारी झाले होते. डोरीनने त्यांना पायरीवर गाठलं. त्यांनी अर्जाची आठही पानं नीट वाचली. माणूस वाईट नव्हता. खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि मग ते थांबले.

“बाई, तुम्ही आत्ता वहीत सही केलीत ना?”

“कोटासाठी केली.”

“ती वही कचेरीची आहे. वरिष्ठांकडे जाते. बारा दहाला तुम्ही स्वतःच्या हस्ताक्षरात गरिबीतून बाहेर पडलात, आणि बारा तेराला मी तुम्हाला गरीब म्हणून सही देऊ? माझी नोकरी जाईल.”

“साहेब, मी सकाळी दहालाच आले होते.”

“दहाला दिली असती की. दहाला तुम्ही गरीब होतात.”

“दहाला तुम्ही अर्ल होतात.”

प्रूइटसाहेब खाली पाहू लागले. अर्लची आठवण अजून ताजी होती. “सात मिनिटं,” ते म्हणाले. “सात मिनिटं उभं केलं त्यांनी मला. मी समजू शकतो, बाई. आजच्याइतकं मी कधीच समजू शकलो नव्हतो.” त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “अपील करता येईल. बारा दहानंतर तुम्ही पुन्हा गरीब झालात याचा पुरावा जोडा. नाहीतर पुढचं शिबिर एप्रिलमध्ये आहे. त्यात रीतसर आत या, बाहेरची सही करू नका, म्हणजे तुमची गरिबी चालू राहील.”

“एप्रिलमध्ये गॅस घेऊन काय करू?”

“ते अर्जात विचारलेलं नाही,” प्रूइटसाहेब म्हणाले आणि मोटारीकडे गेले.

पुढच्या बुधवारी गावच्या वर्तमानपत्रात समितीचा अहवाल आला. यंदा अठ्ठेचाळीस जणांनी गरिबीत प्रवेश केला आणि अठ्ठेचाळीसही जण त्याच दुपारी बाहेर पडले. मुख्य म्हणजे त्यांतली एक महिला प्रत्यक्षात गरीब होती, आणि अवघ्या दोन तासांत, सरकारचा एक पैसाही न खर्चता तिला बाहेर काढण्यात समितीला यश आलं. शेजारी कोट घातलेल्या डोरीनचं छायाचित्र होतं. काउंटीने त्या यशाकडे पाहून हिवाळ्याच्या मदतीची पुढच्या वर्षीची रक्कम निम्मी केली, आणि वाचलेल्या पैशांतून शिबिरं दुप्पट केली.

त्या बुधवारी संध्याकाळी मिसेस टॅकेटांचा फोन आला. “डोरीन, कसं वाटतंय गं बाहेर आल्यावर? दोन ओळी लिहून दे ना, पुढच्या पत्रकात छापू.”

“कळवते,” डोरीन म्हणाली आणि टाकीचा काटा बघायला बाहेर गेली. काटा शून्याला टेकला होता. तिला रडू आलं नाही, राग आला. आणि तो कुणावर काढावा हे न कळल्यामुळे तिने टाकीलाच एक लाथ घातली. टाकी पोकळ वाजली.

आत व्हर्जिल खुर्चीत बसून होता. अंगावर दोन गोधड्या, वर डोरीनचा कोट, मांडीवर वर्तमानपत्र. बोलण्याआधी त्याला बराच वेळ खोकावं लागलं.

“गरिबीतून बाहेर आलीस ते बरं केलंस,” तो म्हणाला. “आता आत ये, आणि दार लावून घे. गार वारा येतोय.”

आता तुमचं, वाचकहो. हे वाचायला तुम्हाला दहा मिनिटं लागली असतील. तेवढा वेळ तुम्हीही आत होतात. मध्ये दोनचार ठिकाणी हसलात, शेवटी थोडं वाईट वाटलं. दोन्हींची नोंद घेतली आहे. दाराशी वही ठेवलेली आहे. तिच्यात सही करा, वेळ लिहा, आणि आपापला कोट घेऊन जा.