ऑर्कुटवरचं अगत्याचं आवतण

गोमटेशराव मगदूम यांनी ऑर्कुटवर पाऊल ठेवायचं ठरवलं ते एका दुपारी, सासुरवाडीच्या खानावळीत, चौथी भाकरी मोडता मोडता. (तिसऱ्या भाकरीलाच हात धुतले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण भरल्या पोटी माणूस काहीही कबूल करतो.)

खानावळ त्यांच्या मेव्हण्याची, ऋषभची. सासऱ्यांनी चाळीस वर्षांपूर्वी शाहूपुरीत टाकलेली. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही आणि दिवस मावळला की चूल बंद. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या कोल्हापुरात असली खानावळ चालवायला छाती लागते आणि गिऱ्हाईक लागतं. छाती ऋषभकडे होती.

"दाजी, दिवाळीपतोर बघतो," ऋषभ म्हणाला. "न्हाय जमलं तर कागलच्या एमआयडीसीत एक नोकरी हाय. शटर वडायचं आन जायाचं."

गोमटेशरावांची बायको विजयमाला आमटी वाढत होती, तिचा हात थांबला. याच खानावळीच्या कट्ट्यावर बसून ती मॅट्रिकचा अभ्यास करायची. तिचे डोळे भरून आले आणि गोमटेशरावांना ते बघवेना.

"शटर कसं वडतोस? येत्या ऐतवारी हितं लाईन लावून दाखवतो!"

"कशी काय?"

"ऑर्कुटवर."

हा शब्द त्यांनी लेकीच्या तोंडून ऐकला होता. ती काही खायची वस्तू नाही, यापलीकडे त्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

ही गोष्ट दोन हजार आठ सालची. लेक सोनल बीसीएला होती, घरात कॉम्प्युटर होता आणि ऑर्कुटवर कोल्हापूरकरांची एक भलीमोठी कम्युनिटी होती. सोनलनं वडिलांचं खातं उघडलं, फोटो चिकटवला आणि विचारलं, "बाबा, काय लिहू? मस्त थाळी, घरगुती चव, एकदा येऊन बघा, एवढं बास की."

गोमटेशरावांनी तिच्याकडे कीव करत पाहिलं. ते पतसंस्थेत क्लार्क होते हे खरं, पण त्यांची कीर्ती होती ती निमंत्रणपत्रिकांच्या मजकुरासाठी. बारसं असो, वास्तुशांत असो, अर्ध्या गल्लीची कार्यं त्यांच्याच शब्दांनी पार पडली होती. दुसरं काही लिहायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. (रजेचा अर्जसुद्धा ते 'आपल्या कृपाशीर्वादाने' असा सुरू करत.) ते खुर्चीत मागे रेलले आणि सांगू लागले:

"सप्रेम जय जिनेंद्र, विनंती विशेष. येत्या रविवारी आमचे पद्मावती खानावळीत सुग्रास भोजनाचा योग आहे. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह अगत्य येण्याचे करावे. भोजन सूर्यास्तापूर्वी. आपला नम्र, गोमटेश मगदूम."

"बाबा, थाळीचा दर ऱ्हायला."

"आवतणात दर? लोक तोंडात शेण घालतील! आन खाली टीप टाक. कृपया आहेर आणू नये."

"आहेर कशाला आणतील कोण?"

"न्हाय आणत. पण टाक. त्याबिगर मजकूर उघडा वाटतोय."

सोनलनं टीप टाकली, आवतण कम्युनिटीवर चढवलं. आणि रविवार उजाडला.

अकरा वाजता पहिली सुमो थांबली. तीतून कुरुंदवाडचे हंबीरराव, त्यांची बायको, दोन सुना, जावई आणि लेकरं असा चौदा जणांचा परिवार उतरला. मजकुरात सहपरिवार म्हटलं होतं ना! मागोमाग स्कूटरी आल्या, रिक्षा आल्या. बारापर्यंत रांग कोपऱ्यावरच्या सायकल दुकानापर्यंत गेली. ऋषभ गल्ल्यावरून उठून बाहेर आला, रांग बघितली आणि दाजींच्या गळ्यातच पडला. सासूबाईंनी खपली गव्हाची खीर, म्हणजे तिकडची हुग्गी, पातेलंभर केली होती. गोमटेशराव इस्त्रीचा सदरा घालून दारात हात जोडून उभे होते. आयुष्यात इतकं मोठं त्यांना कधीच वाटलं नव्हतं.

पहिली पंगत उठली. हंबीररावांनी हात धुतले, तृप्तीचा ढेकर दिला, "बेस झालं जेवान, येतो पावणं," म्हणाले आणि चौदाच्या चौदा जण सुमोकडे निघाले.

"दाजी," ऋषभ कुजबुजला, "पैसं न देता चाललं की सगळी!"

"इसरलं असतील. थांब." गोमटेशराव मागे धावले. "पावणं, म्हंजे, तेवढं जेवणाचं..."

हंबीरराव वळले. खिशातून त्यांनी एक कागद काढला. त्यांच्या लेकानं ऑर्कुटवरचं आवतण छापून आणलं होतं. "आहेर आणू नये असं तुमीच लिवलंय न्हवं? आन आता मागताय व्हय?"

रांगेतली माणसं बघू लागली. गोमटेशरावांनी पुन्हा हात जोडले. "छे छे, जेवण पोचलं का, तेवढं इचारत हुतो."

"मग ठीक. पण कार्य कशाचं ते न्हाय कळालं." हंबीररावांनी त्यांच्या टकलापासून पोटापर्यंत सावकाश नजर फिरवली. "साठी हाय वाटतं तुमची?"

गोमटेशराव चव्वेचाळीस वर्षांचे होते. पण रांग बघत होती, मेव्हणा बघत होता आणि एवढ्या जेवणावळीला काहीतरी कारण असायलाच हवं होतं.

"व्हय," ते म्हणाले.

मग काय! बातमी क्षणात रांगेच्या शेवटापर्यंत गेली. कुणीतरी कोपऱ्यावरून नारळ आणले, कुणी हार आणला. पन्नाशीच्या एका बाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि गोमटेशरावांनी तिला आशीर्वादही दिला. (न देऊन सांगतात कुणाला?)

आत ऋषभ कपाळाला हात लावून बसला होता. "आये, बाहेर जाऊन खरं काय ते सांगू का?"

"न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "आवतण दिऊन बोलीवलंय. पानावरनं कुणाला उठवायचं न्हाय. तुझ्या बापानं उठीवलं नसतं."

डाळ संपली. विजयमाला घरी गेली आणि वर्षाचा गूळ, जोंधळ्याचं पीठ, डबाभर मटकी, सगळं रिक्षात घालून घेऊन आली. नवऱ्याला ती एक शब्दही बोलली नाही. गोमटेशराव बादली घेऊन वाढत राहिले. ज्याला वाचवायला निघालो त्यालाच आपण बुडवलं, हे त्यांना प्रत्येक वाटीगणिक लागत होतं. आपल्याला स्वतःची इतकी लाज पूर्वी कधीच वाटली नव्हती, असं त्यांच्या मनात आलं. दिवस मावळायला शेवटची पंगत उठली तेव्हा पातेल्याचा तळसुद्धा पुसून झाला होता.

"उद्या कागलला जाऊन येतो," ऋषभ एवढंच म्हणाला.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो शटर उघडतोय तोवर दारात सुमो उभी! हंबीरराव एकटेच उतरले. "आचारी कोण हुतं काल? धाकट्या लेकीची सुपारी फुटली. पाचशे पान हाय. अशी हुग्गी आमी उभ्या जन्मात खाल्ली न्हाय."

थाळी म्हणून ज्या जेवणाकडे कोल्हापूरनं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, ते पंगतीचं जेवण म्हणून त्याला एका दिवसात पटलं होतं. आठवड्यात दोन लग्नं आणि एक वास्तुशांत आली. ऋषभनं कागलच्या नोकरीला नाही म्हणून कळवलं. विजयमाला हसली, नवऱ्याशी बोलू लागली, आणि गोमटेशराव पतसंस्थेत छाती काढून शिरले. आता ऑर्कुटवर गल्लीतला कोणता धंदा तारावा, याचा ते विचार करत होते.

मॅनेजर सयाजीरावांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"मगदूम, आमची मंडळी ऐतवारी तुमच्या साठीला जेवून आली. अभिनंदन! पण आपल्याकडं अठ्ठावन्नला रिटायर करत्यात. तुमी अजून हितं कसं?"

"साहेब, ते खोटं हाय! मी चव्वेचाळीसचा हाय!"

सयाजीरावांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. "असंल. पण दाखला आणा. नुसतं तोंड बघून मला सही करता यायची न्हाय."

गोमटेशराव घरी आले, चप्पल कोपऱ्यात भिरकावली आणि बायकोला सगळं सांगितलं. निदान ती तरी चिडेल, त्यांना तरणं म्हणेल, अशी त्यांची आशा होती.

विजयमाला मटकी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"साठच सांगा की अवो. ऋषभला वाढपी कमी पडाय लागलेत."